‘रामशास्त्री’ बोलपट व नारायणरावाच्या वधांतील माणसें : एक परीक्षण

इतिहाससंशोधनाच्या त्रैमासिकांत बोलपटाचें परीक्षण पाहून वाचकांपैकीं कित्येकांस नवल वाटेल. दप्तरें, शिलालेख, नाणीं व मुद्रा यांची छाननी करणें हें आमचें काम. पडद्यावरील सोंगांशीं आमचा संबंध काय, असा प्रश्न कोणीं केल्यास तो गैर म्हणतां येणार नाहीं. परंतु एका गोष्टीकडे डोळेझांक करून चालत नाहीं. नारायणराव पेशव्याच्या वधासंबंधीं महाराष्ट्रांतील बहुजनसमाजाची जी समजूत आहे ती कागदांवरून बनलेली नाहीं; ती नाटकें, कादंबऱ्या व बोलपट यांवरून बनलेली आहे. जी वस्तु लोकांच्या मनांत इतिहास म्हणून वावरते, तिची पारख करणें हें आमच्या कामाच्या कक्षेबाहेरचें आहे असें आम्हांस वाटत नाहीं.

या लेखास निमित्त झालें तें असें. दौंड तालुक्यांतील कासुर्डी येथें एका स्नेह्यांच्या घरीं जुने मोडी कागद पाहण्यासाठीं आमचा मुक्काम होता. गांव पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या वाटेवर, उरुळी कांचन व यवत यांच्या दरम्यान आहे. ज्या थेऊरास थोरल्या माधवरावांनीं १८ नोव्हेंबर १७७२ रोजीं देह ठेविला, तें क्षेत्रहि या वाटेच्या जवळच पुण्याच्या बाजूस लागतें. दिवसा कागद चाळून झाल्यावर रात्रीं घरांतील मंडळींसमवेत प्रभात फिल्म कंपनीचा ‘रामशास्त्री’ हा बोलपट पाहण्याचा योग आला. पाहतां पाहतां यजमानांच्या नातीनें विचारलें, “आजोबा, गारदी म्हणजे मुसलमान ना हो?” आजोबा उत्तरले, “होय बाळ, तसेंच म्हणतात.” आजोबा जुन्या कागदांचे चांगले जाणते, तरीहि उत्तर असें आलें. दोष त्यांचा नव्हे. आम्हांसहि त्या क्षणीं ‘नाहीं’ म्हणण्याचें सुचलें नाहीं. हा लेख म्हणजे त्या मुलीस उशिरां दिलेलें उत्तर आहे.

प्रथम बोलपटाविषयीं. कोल्हापुरांत १९२९ सालीं स्थापन झालेली ‘प्रभात’ १९३३ सालीं पुण्यास आली. ‘रामशास्त्री’ हा तिचा १९४४ सालचा बोलपट मराठी व हिंदी अशा दोन्ही भाषांत निघाला. दिग्दर्शन गजानन जागीरदार यांचें असून रामशास्त्र्यांची भूमिकाहि त्यांचीच आहे. आनंदीबाईचें काम ललिता पवार यांनीं केलें आहे. लहानग्या रामाच्या कामांत अनंत मराठे व त्याच्या बालवधूच्या कामांत बेबी शकुंतला यांनीं जी गोडी आणिली आहे, ती हा बोलपट पाहिलेल्या मनुष्याच्या चित्तांतून सहसा जात नाहीं. विद्येवांचून अपमानित झालेला मुलगा विद्या संपादन करितो, न्यायासनावर चढतो, आणि राज्याचा धनीच अपराधी निघाला तरी त्यास अपराधी म्हणण्यास कचरत नाहीं, असा कथेचा ओघ आहे. देशावर परसत्ता होती त्या काळीं सत्ताधीशास तोंडावर दोषी ठरविणारा न्यायाधीश पडद्यावर दाखविणें यांत जें धैर्य होतें तें आम्ही कमी लेखीत नाहीं. जागीरदारांचा संयत अभिनय आजहि आदर्शवत् आहे.

असें असतां आमचा आक्षेप कोठें आहे? हा बोलपट केवळ चरित्रपट नव्हे; त्याच्या गाभ्यांत एक गुन्हा आहे, आणि गुन्ह्याच्या कथेंत मारणारा कोण, मरणारा कोण व चिथावणारा कोण हे तीन प्रश्न अटळ असतात. त्यांचीं उत्तरें कथाकार शब्दांनीं देतोच, पण त्याहून अधिक मुखांनीं देतो. ज्यास मुख व नांव दिलें तो प्रेक्षकाच्या मनांत माणूस होतो. ज्यास दिलें नाहीं तो जमाव होऊन राहतो. या कसोटीनें पाहतां बोलपटानंतर मनांत तीनच मुखें उरतात : निःस्पृह शास्त्री, दुर्बळ राघोबा व कारस्थानी आनंदीबाई. गारदी हे तलवारी घेतलेला एक लोंढा म्हणून उरतात, आणि मरण उरतें तें एकट्या पेशव्याचें.

ही मांडणी ‘प्रभात’ची स्वतःची नव्हे. ती वारशानें आलेली आहे. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचें ‘भाऊबंदकी’ हें नाटक १९०९ सालचें. त्यांतहि हाच वध व हाच न्यायाधीश आहे. एस. एन. पाटणकर यांनीं १९१५ सालीं नारायणरावाच्या वधावर मूकपट काढिला. ऐतिहासिक विषयावरील अगदीं आरंभींच्या हिंदी चित्रपटांत त्याची गणना होते. म्हणजे ‘रामशास्त्री’ निघाला तेव्हां ही कथा रंगभूमीवर व पडद्यावर घोटून घोटून एका साच्यांत बसली होती. साचा तयार असला कीं कारागीर ओतीव काम करितो. साधनें उघडून पाहण्याची त्यास गरज भासत नाहीं.

आतां साधनें काय सांगतात तें पाहूं. शके १६९५, भाद्रपद शुद्ध त्रयोदशी, म्हणजे ३० ऑगस्ट १७७३, गणपतीचे दिवस. दुपारच्या सुमारास थकलेल्या पगाराचा पुकारा करीत गारदी शनिवारवाड्यांत शिरले. राघोबा त्या वेळीं वाड्यांतच नजरकैदेंत होता. अठरा वर्षांचा नारायणराव जीव वांचविण्यासाठीं चुलत्याकडे धांवला व त्याच्या गळां पडला. तुळाजी पवारानें त्यास ओढिलें व सुमेरसिंग गारद्यानें शस्त्र चालविलें, अशी हकीकत आहे. चापाजी टिळेकर नांवाचा चाकर धन्याच्या अंगावर पडला व त्याच्यासह मारला गेला. इच्छारामपंत ढेरे व नारोबा फाटक हेहि मारले गेले. गोविंद सखाराम सरदेसाई यांनीं त्या दिवसाच्या मृतांची गणती दिली आहे ती अशी : पेशव्यासुद्धां सात ब्राह्मण, दोन मराठे चाकर व दोन दासी, एकूण अकरा मनुष्यें, शिवाय एक गाय.

अर्ध्या तासाच्या प्रसंगांत पडलेल्या या अकरा जणांकडे वाचकांनीं क्षणभर लक्ष द्यावें. यांत राज्याचा धनी आहे, कारभारी वर्गांतील माणसें आहेत, चाकर आहेत व दासी आहेत. वाड्यांत ज्या ज्या थरांची माणसें राहत होतीं त्या प्रत्येक थरांतून कोणी ना कोणी त्या दिवशीं मेलें. म्हणजे हा वध केवळ भाऊबंदकीचा नव्हता. तो एका भरलेल्या घरावरील घाला होता. चापाजीचें नांव राहिलें, कारण तो धन्याच्या अंगावर पडून मेला. टिळेकर हें आडनांव पुण्याच्या आसमंतांत आजहि आढळतें. त्या दोन दासी मात्र या गणतींत निव्वळ संख्या म्हणून येतात. गायीची हत्या हें महापातक म्हणून बखरींतून घोळलें; दासींची हत्या कोणाच्या लेखणीस तितकी बोंचली नाहीं. बोलपटाकडे पाहण्यापूर्वीं हा दोष आमच्या साधनांकडेहि आहे हें आम्हीं कबूल केलें पाहिजे. पण साधनांनीं निदान ‘दोन’ हा आंकडा ठेविला. पडद्यानें तोहि ठेविला नाहीं.

मरणाऱ्यांनंतर मारणाऱ्यांकडे वळूं. ‘गारदी’ हा जातिवाचक वा धर्मवाचक शब्द नव्हे. युरोपीय भाषांतील ‘गार्द’ या शब्दापासून तो आला असून कवायती पद्धतीनें शिकविलेला बंदुकदार शिपाई एवढाच त्याचा अर्थ. पानिपतावर तोफखाना व कवायती पलटणी चालविणारा इब्राहिमखान गारदी मुसलमान होता व त्या रणानंतर त्याचा १७६१ सालीं क्रूरपणें वध झाला. त्याच्या नांवामुळें हा शब्द एका धर्माशीं लोकमनांत जोडला गेला असावा. वस्तुतः गारद्यांच्या पथकांत परदेशी, रजपूत, मुसलमान असे पगारावर येणारे नाना प्रकारचे लोक होते. नारायणरावाच्या वधांतील पुढाऱ्यांचीं नांवेंच पाहावीं : सुमेरसिंग, खरगसिंग, महंमद इसफ, आणि त्यांच्या जोडीस राघोबाचा खाजगी चाकर तुळाजी पवार. नांवांवरूनच हा मेळा किती सरमिसळीचा होता हें उघड आहे.

चौकशीअंतीं निष्पन्न झालेल्या गुन्हेगारांची जी वर्गवारी सरदेसायांनीं दिली आहे ती तर डोळे उघडणारी आहे. कटांत हात असलेले एकूण ४९ जण. त्यांपैकीं गारदी अवघे १३. त्या १३ मध्यें हिंदु ८ व मुसलमान ५. उरलेल्या ३६ मध्यें ब्राह्मण २६, प्रभु ३ व मराठे ७. म्हणजे ज्या कृत्यास लोक ‘गारद्यांचें कृत्य’ म्हणतात त्यांत गारदी हे चौथ्या हिश्श्याहून थोडे अधिक. आणि ज्यांस लोक सरसकट मुसलमान समजतात त्या गारद्यांतहि बहुसंख्य हिंदु. तलवार गारद्याच्या हातीं होती. पण दार उघडणारे, निरोप पोंचविणारे, पैशाचें वचन देणारे व हुकूम लिहिणारे हात निराळे होते. कासुर्डीच्या त्या मुलीच्या प्रश्नास कागदांचें उत्तर हें आहे.

येथें एक सावधगिरीची सूचना करणें आम्हांस अवश्य वाटतें. एका समाजावरचा खोटा आरोप काढून तोच दुसऱ्याच्या माथीं मारणें हें संशोधन नव्हे. २६ हा आंकडा हातीं घेऊन ब्राह्मण जातीस दोष देण्यास जो धांवेल, तो गारद्यांस दोष देणाऱ्या जुन्या लोकांइतकाच चुकेल. पेशव्यांच्या वाड्यांतील कारकुनी, कोठी, देवघर व खाजगीकडील कामें बव्हंशीं ब्राह्मणांच्या हातीं होतीं. म्हणून वाड्यांतल्या कटांत त्यांची संख्या अधिक असणें साहजिकच होतें. त्याच वाड्यांत मेलेल्या अकरांपैकीं सातहि ब्राह्मणच होते, आणि न्याय सांगणारा शास्त्रीहि ब्राह्मणच होता. या संख्या जातींचे स्वभाव सांगत नाहींत; त्या वेळच्या दरबाराची घडण कशी होती एवढेंच त्या सांगतात. परंतु नेमकी हीच घडण बोलपटानें झांकली आहे. राजवाडा हें नाना जातींच्या, नाना देशींच्या, पगारानें व निष्ठेनें बांधलेल्या माणसांचें एक लहानसें राष्ट्र होतें. त्यांतील हितसंबंध तुटले तेव्हां त्यांतूनच खुनी निघाले, त्यांतूनच जीव देणारे निघाले. हें दाखविलें असतें तर रामशास्त्र्यांचें काम किती अवघड होतें हें प्रेक्षकास अधिक कळलें असतें. एका दुष्ट स्त्रीस व एका बाहेरच्या टोळीस दोषी ठरविण्यास रामशास्त्री लागत नाहीं. आपल्याच पंक्तीस जेवणाऱ्या माणसांचीं नांवें यादींत लिहिण्यास तो लागतो.

आतां आनंदीबाई. ‘ध चा मा’ ही म्हण मराठींत इतकी रुळली आहे कीं, तिच्या मुळाशीं पुरावा किती हें विचारण्याचें भान राहत नाहीं. ‘धरावें’ असें राघोबानें लिहिलें व बाईनें ‘मारावें’ केलें, ही ती कथा. ग्रँट डफनें १८२६ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या इतिहासांत ती घेतली, पण बाईचें नांव त्यानें लोकांच्या समजुतीच्या आधारें जोडलें. तो लेखी पुराव्याचा निर्वाळा नव्हे. मोडी वाचणाऱ्या आमच्या वाचकांस आणखी एक गोष्ट सांगावयास नको. मोडी लेखक आधीं शिरोरेघ ओढून घेतो व तिच्याखालीं अक्षरें जोडीत सलग लिहीत जातो. शब्दांत मोकळी जागा सोडीत नाहीं. अशा ओळींत काना नसलेलें एक अक्षर काढून तेथें काना असलेलें दुसरें बसविणें म्हणजे जागेची ओढाताण करणें होय. असा फेरफार सराईत कारकुनाच्या नजरेंतून सुटणें कठीण. कथा खोटीच असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु ती ज्या सुलभतेनें सांगितली जाते तितकी सुलभ ती नाहीं.

मग ती एवढी रुजली कां? आमच्या मतें उत्तर स्पष्ट आहे. ४९ जणांचा अपराध मनांत वागविणें जड जातें. एका स्त्रीच्या एका अक्षराचा अपराध वागविणें सोपें जातें. राघोबा हा अटकेपर्यंत झेंडे नेणाऱ्या मोहिमेचा सेनापति. त्याच्या माथ्यावरचा कलंक बायकोच्या पदरीं टाकला कीं त्याचा पराक्रम निर्वेध गातां येतो. ललिता पवार यांनीं हें काम इतक्या ताकदीनें केलें आहे कीं, तिच्यापुढें पुरावा फिका पडतो. नटीचा तो गुण होय. पण कथाकाराची जबाबदारी त्यामुळें वाढते, कमी होत नाहीं.

बोलपटाच्या बाजूनें काय म्हणतां येईल तेंहि म्हटलें पाहिजे. दोन-अडीच तासांत ४९ मुखें दाखवितां येत नाहींत, हें खरें. सरदेसायांचा मराठ्यांचा नवा इतिहास १९४६ ते १९४८ या काळांत बाहेर पडला, म्हणजे तो बोलपटकर्त्यांच्या हातीं असणें शक्यच नव्हतें, हेंहि खरें. शिवाय ‘प्रभात’च्या मनांत परधर्मीयांविषयीं आकस होता असें तर कोणासच म्हणतां येणार नाहीं. याच संस्थेनें १९४१ सालीं ‘शेजारी’ काढिला. दोन शेजाऱ्यांच्या, एका हिंदूच्या व एका मुसलमानाच्या, मैत्रीची ती कथा. आणि तींतील मिर्झाचें काम ज्यांनीं जीव ओतून केलें ते हेच गजानन जागीरदार. ‘शेजारी’च्या हिंदी आवृत्तींत तर मजहर खान यांनीं हिंदूची व जागीरदारांनीं मुसलमानाची भूमिका केली. ज्या नटानें मिर्झास माणूसपण दिलें, त्याच्याच बोलपटांत अवघ्या तीन वर्षांनीं गारदी बिनचेहऱ्याचा राहिला. यावरून निष्कर्ष निघतो तो असा कीं, सद्भाव असला तरी तो पुरत नाहीं. वर्तमानाची कथा रचतांना कलावंत डोळे उघडे ठेवितो. भूतकाळाची कथा सांगतांना मात्र तयार साच्यावर विसंबतो. साचा मोडण्यास कागद लागतात, आणि ते पुरविणें हें आमचें काम होतें. त्या वेळीं तें आम्हां संशोधकवर्गाकडून पुरेसें झालें नाहीं.

यास उपाय काय? फार मोठा खर्च नको होता. चौकशीच्या प्रसंगीं एका कारकुनानें गुन्हेगारांची यादी मोठ्यानें वाचावी. नांवामागून नांव, ज्ञातीमागून ज्ञाति यावी. दरबारांतील प्रत्येक जण आपल्या ओळखीचें नांव ऐकून मान खालीं घालीत जावा. आणि त्यामागून अकरा मृतांची यादी वाचली जावी, अखेर दोन दासींपाशीं वाचणारा थबकावा. एवढ्या एका प्रसंगानें तो बोलपट पुरावा व करुणा या दोन्ही दृष्टींनीं पुरा झाला असता. न्यायाची थोरवी गाणाऱ्या कृतीनें आपल्या पात्रांसहि न्याय दिला पाहिजे. प्रत्येकास त्याच्या वाट्याचा दोष व प्रत्येकास त्याच्या वाट्याचें नांव, याहून वेगळें निःपक्षपातीपण आम्ही जाणत नाहीं.

शेवटीं संग्राहक मंडळींस एक विनंति. चाकरींत मेलेल्याच्या मुलांस सरकारांतून जी नेमणूक होई तिला ‘बालपरवेशी’ म्हणत. असे कागद पेशवे दप्तरांत आहेत, तसेच घरोघरच्या रुमालांतहि असतात; जमिनीच्या सनदा जपून ठेविल्या जातात व हे कागद किरकोळ म्हणून बाजूस पडतात. वाड्याच्या खर्चाच्या यादींतून कुणबिणींचीं नांवें, त्यांचें अन्नवस्त्र व कधीं किंमतहि नोंदलेली असते. शके १६९५ च्या भाद्रपदाच्या आगेमागे अशा यादींत जीं नांवें आहेत, तीं पुढच्या महिन्यांत आहेत कीं नाहींत, एवढें ताडून पाहण्याचें काम कोणीहि चिकाटीचा मनुष्य करूं शकेल. कासुर्डीसारख्या गांवांतून पुण्याकडे जाणारी वाट फार जवळची; वाड्यावरील चाकरी ही अशा गांवांना परकी गोष्ट नव्हती. तेव्हां ज्यांच्या घरीं त्या काळचा एखादा रुमाल असेल त्यांनीं तो किरकोळ म्हणून बांधून ठेवूं नये, अशी आमची प्रार्थना आहे.

असो. पुढें कोणी या विषयावर पुनः बोलपट काढील; विषयच असा आहे कीं तो कलावंतास बोलावीत राहील. त्या वेळीं दोन दासींचीं नांवें त्याच्या हातीं देतां आलीं, तर आमच्या साऱ्या खटाटोपाचें सार्थक झालें असें आम्ही समजूं. तोंपर्यंत कासुर्डीच्या त्या चिमुरडीस आमचें उत्तर एवढेंच : गारदी म्हणजे शिपाई, बाळ, आणि त्या दिवशीं वाड्यांत जे अपराधी होते ते आपणां सर्वांपैकींच होते, जे मेले तेहि आपणां सर्वांपैकींच होते.